खालची बाजू

८ फेब्रुवारी, रविवार सकाळ

दादा,

नमस्कार म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. वहिनीला मात्र मनापासून. तू खालच्या मजल्यावर, मी वरच्या, तरी पत्र लिहितोय, कारण तू समोर आलास की माझं डोकं फिरतं आणि डोकं फिरलं की प्रेशर चढतं. ते चढू द्यायचं नाही, हे तूच सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंयस.

काल तू माझ्या हातातून वॉशिंग मशीन काढून घेतलंस. घ्यायचं तर घे. पण ज्यांचं सामान हलवत होतो त्या बाईंसमोर, त्यांच्या सासूसमोर, आपल्या ड्रायव्हरसमोर म्हणालास, "ह्याला काही उचलू देऊ नका, पेशंट आहे हा." बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. दादा, आपण लोकांच्या खुर्च्या उचलतो, त्यांच्यावर बसत नाही. मी रागाने टेम्पोत जाऊन बसलो.

त्याहून चीड आली ती तू माझ्या मागे डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलास त्याची. जिन्यात फ्रिज सटकला तो माझ्या अंगावर. कठड्याशी चेमटलो मी. पोटातली मोठी रक्तवाहिनी फाटली माझी, जोड लावला तोही माझ्याच. मग चौकशी माझ्या पाठीमागे का? दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जड काही उचलायचं नाही," तेव्हा तूही शेजारी उभा राहून मान डोलावलीस. आपल्या धंद्यात एकट्याने उचलता येतं त्याला जड कोण म्हणतं? "लाव हात" म्हणावं लागतं, ते जड. गेला महिनाभर तूच मला टीव्ही आणि पुस्तकांची खोकी देत होतास, "हलकं हलकं तू घे" म्हणून. आणि परवा बाईंकडून पांढराफटक होऊन आलास, की भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. चूक दोघांची, पेशंट मात्र मी एकटा.

मी जोडाची तपासणी केली नाही, हेही बाईंनी तुला सांगितलं असेलच. मी गेलो होतो. उपाशीपोटी जाऊन बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचे बूट त्यांच्या मुलाने काढून हातात धरले होते. माझं नाव पुकारलं आणि मी उठून सरळ बाहेर आलो. घरी येऊन तुला म्हणालो, जोड ठणठणीत आहे. वहिनी ते ऐकून आनंदाने रडली. तपासणीच्या मशीनने सांगितलं असतं की जोड फुगतोय, तर पुढे काय करायचं होतं मी? टेम्पोत बसून तुमची पाठ बघायची? मला दुसरं काही येत नाही, दादा.

इथे पत्र संपवणार होतो.

परवापासून पाठ दुखतेय. कमरेच्या जरा वर, आतून. तेल चोळून घेतलं, हिला सांगितलं गादी कडक आहे. आज सकाळी जास्त आहे. "पाठ दुखली तर तारखेची वाट बघू नका, तसेच निघून या," असं बाई म्हणाल्या होत्या. ते वाक्य चांगलं लक्षात आहे, आणि धंद्याच्या हिशेबाने त्याचा काही वेगळा अर्थ लावता येत नाही.

मी घाबरलोय. राग आहे तो राहू दे, त्याचं नंतर बघू. ही दूध आणायला खाली उतरतेय, तिच्या हाती हे देतो. तिला काही बोललेलो नाही. तू सांग, मला तिचं तोंड बघवणार नाही.

टेम्पो दाराशी लाव आणि वर ये. लोकांची एवढी कपाटं उतरवली, पण आज हा आपलाच जिना माझ्याने एकट्याने उतरवणार नाही. मोठं सामान असलं की खालची बाजू नेहमी तू धरायचास, सगळं वजन तुझ्यावर यायचं. त्या फ्रिजच्या वेळी मी हट्टाने धरली. आज तू धर.

लाव हात, दादा.

तुझा
धाकटा