बाभळीखालची बारव

मु. चिंचोळी, ता. निलंगा,
जि. लातूर (आता उस्मानाबाद लिहू नकोस बरं का!)
३ मे १९८३

चि. पंचाक्षरीस थोरल्या भावाचा आशीर्वाद.

आम्ही खुशाल. देगलूरला तुम्हीही खुशाल असाल. दुष्काळाचं काय लिहू, विहीर शिवरात्रीलाच आटली. पण ते राहू दे. अरे, आपल्या रानात बारव सापडली! खरीखुरी, दगडी, जुन्या काळची!

वाळलेली बाभळ जळणाला तोडली. मूळ उपटताना पहार खणकन वाजली. खाली घडीव चिरा, त्याखाली पायरी. मग काय, अख्खं गाव खोरी घेऊन लोटलं. आठ दिवस गाळ उपसला. एकोणीस पायऱ्या मोकळ्या झाल्या! भिंतीत देवळ्या, त्यांवर नक्षी. लहानपणी खरोशाची लेणी बघताना तू जसा आ वासून उभा राहिलास, तसा मी या वयात उभा होतो. विसाव्या पायरीवर शेजारच्या साहेबरावाचा पाय ओला झाला आणि तो ओरडला, "काका, पाणी हाय! लई पाणी हाय!" पन्नाशीचा मी, चिखलात नाचलो. तुझी वहिनी सिद्धम्मा हसता हसता रडली.

काल नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून एक साहेब नोंद घ्यायला आले. "रान कुणाचं?" सगळे म्हणाले, "वीरण्णाचं की!" मी नकारार्थी मान हलवली.

ती बाभळ तुला आठवत असेल. वाटणीत ती तुझ्याकडं गेली होती.

माझ्याकडं कशी आली ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. दर पेरणीला मी नांगराची दोन-दोन तासं बांध कोरत तुझ्या रानात सरकलो. अकरा वर्षांपूर्वी तू पंचांसमोर म्हणालास, "अण्णा, बांध कोरायलास तू!" मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून "न्हाई" म्हणालो. पंचांनी माझं ऐकलं, तू गाव सोडलंस. मग तर मला अडवायलाही कुणी उरलं नाही. शपथ खोटी होती, पंचाक्षरी. मला फार लाज वाटते.

सोमवारी साहेब साखळी घेऊन मोजणीला येणार आहेत. सकाळच्या बसनं ये. बांधाची जुनी जागा मीच दाखवीन, सगळ्या गावासमोर. बारव तुझी आहे.

घरात थेंब नव्हता, म्हणून आज तुला न विचारता दोन घागरी नेल्या. उद्या नेऊ का?

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
वीरण्णा