गोपीचंदने लावलेला अर्थ

४ ऑगस्ट २०२४, रविवार
आज गोपीचंदने बायबलातल्या योनावर उपदेश केला. योनाला गिळणारा मासा खराच होता का, हे विचारत बसू नका म्हणाला. शत्रूच्या गावावरही देव दया करतो, हे सांगायला कुणीतरी ही गोष्ट रचली असेल. रचली! वाटलं, मंडळी उठून जाईल. उलट म्हातारा ग्यानोबा, बावीस वर्षं माझ्या उपदेशात पेंगणारा, मान पुढे काढून ऐकत होता. नंतर मला म्हणाला, "पाळकसाहेब, आज कुठं समजलं."
सेनगावात ही मंडळी मी उभी केली. हा पुण्यात शिकून मदतनीस पाळक म्हणून आला, त्याला सहा महिने झाले नाहीत.

७ ऑगस्ट
त्याच्या खोलीवर पाच-सहा जण बायबल उघडून बसलेले. माझ्याकडे कुणी नाही.

११ ऑगस्ट, रविवार
शिवकन्या साखऱ्याहून आली. पोटची लेक, पण उपासनेनंतर गोपीचंदशी बोलत उभी. नवरा भुजंग तिला मारतो. मी तिला दोनदा परत धाडलंय. पत्नीने पतीच्या अधीन राहावं, हे बायबलात पौलाने लिहिलं, मी नाही.
गोपीचंद तिला म्हणत होता, "ताई, पौलाचं ते पत्र त्या काळच्या घरांना लिहिलेलं. मार खायची आज्ञा न्हाई ती."
तिचा चेहरा मोकळा झाला. माझ्यासमोर कधी झाला नाही. जळलो मी — इथे खोटं कशाला लिहू.

१२ ऑगस्ट
वरिष्ठांना पत्र धाडलं: मदतनीस पाळक शास्त्राला खोटं ठरवतात. बायको सत्यभामा वाचून म्हणाली, "हे देवासाठी लिहिलं, का सोतासाठी?"
मी पाकीट चिकटवलं.

३० ऑगस्ट
त्याची बदली झाली. एसटीवर सगळी मंडळी, बाया रडत होत्या. माझा हात धरून म्हणाला, "शिवकन्याताईकडं लक्ष असू द्या."
माझ्या लेकीचं मला यानं काहून सांगावं?

८ सप्टेंबर, रविवार
उपासनेला अकरा माणसं.

१९ सप्टेंबर
निरोप आला, साखऱ्याला गेलो. शिवकन्येचा हात प्लास्टरमध्ये. "घरी चल," म्हणालो. भुजंग दारात आडवा झाला. "मामा, बायकोनं अधीन राहावं, हे तुमीच सांगितलं ना? वचन बदललं का आता?"
"न्हाई. मी ते चुकीचं वाचत आलो." तिची पिशवी उचलली.
जीपमध्ये तिला सगळं सांगितलं — तक्रारीचं पत्रसुद्धा. सेनगावला उतरल्यावर तिने माझ्या हातातून पिशवी काढून घेतली नि एकटीच पुढे चालू लागली.