सुगतचे पांढरे कपडे

दीपा,

आषाढात माझ्या भाच्याचं, सुगतचं, राळेगावहून पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलंच नाही. त्यानं विचारलं होतं, "मामा, रोज बुद्धवंदना म्हनतो, पन आत काहीच हालत नाही. तुमाले रोज नवी कशी वाटते?" मला तो ग्रंथातला प्रश्न वाटला आणि मी पुस्तकं चाळत बसलो.

काल आठवडी बाजारात त्याची बायको भेटली. "मामाजी, यायनं विहारात घालाचे पांढरे कपडे देऊन टाकले. आता लागत नाही म्हनते. बोलतही नाही कोनाशी."

आजचं वर्षावासाचं ग्रंथवाचन विहारात तू कर. पानात खूण घातली आहे. अडखळलीस तरी चालेल, मीही अडखळतो. माझा धुतलेला पांढरा सदरा त्याच्यासाठी नेतो आहे.

त्याला एवढंच लिहिलं, की मलाही वंदना रोज नवी वाटत नाही. पण काल बाजारातून येताना पऱ्हाटीचं पहिलं कापसाचं बोंड फुटलेलं दिसलं आणि वंदना आपोआप ओठांवर आली. शेवटी लिहिलं, "तुझ्या शेतातलं सोबत पाहू."

पत्र आत्ताच पेटीत टाकून आलो. ते पोचेपर्यंत थांबायची हिंमत नाही, म्हणून पहिल्या एसटीनं मीच निघतो.

बाबा