काचेच्या खोलीत स्टो

छबीच्या बाबांस,

तुमी मांगच्या अंगणात गुलाब लावले, काचेची खोली काढली. उजेडाची खोली म्हणून साऱ्या ऑफिसाले दाखवून राह्यले. पण तिच्यापायी सैपाकघराची एकुलती खिडकी बुजवली, हे काऊन नाई सांगत? भर दुपारी मी बल्ब लावून भाकरी थापते. लाईट गेली की चाचपडत. कवाही म्हटलं तर तुमचं एकच, "पाहू."

आता पाहाच. माहा स्टो, परात, डबे समदे त्या खोलीत नेले. तुमच्या वेताच्या खुर्च्या सैपाकघरात मांडल्या. आज साहेब येऊन राह्यले ना? तिथंच बसवा त्याइले. मी बहिणीकडे चालली.

लाईट गेली तर कंदील फळीवर हाय. चाचपडा, सापडन.