कोळशाच्या फुलीची पाच अंडी

४ जाने. २००४, रवि.
दीर्घने आजही खाल्लं नाही. चौथा आठवडा. पांढरा उंदीर नाकासमोरून दोनदा गेला, याने मान फिरवली. ऱ्हस्वने मात्र आपला वाटा संपवला आणि पाण्याच्या वाडग्यात अंग टाकून दिलं. नावं मी ठेवलेली. एक लांब, एक आखूड. शाळेच्या ऑफिसात तेहेतीस वर्षं काढलेल्या कारकुनाला दुसरं काय सुचणार?

सुधीर बोटीवर जाताना सांगून गेला, "बाबा, हे आफ्रिकेतले अजगर. वाढून वाढून अडीच हात. घाबरले की अंगाचा चेंडू करतात, चावत नाहीत. दोघंही नर आहेत, म्हणजे कटकट नाही." आपल्या रानातला अजगर घरात ठेवणं गुन्हा, हे चालतात, असंही म्हणाला. चालतात की नाही, मला कळत नाही. मजल्यावरच्यांना वाटतं, काचेच्या पेट्यांत मासे आहेत.

डिसेंबरात गारठा पडला म्हणून दोघांना एका पेटीत ठेवलं होतं. तेवढीच एकमेकांची ऊब. तर दोन दिवस एकमेकांना विळखे घालून बसले. भावाभावांत जुंपली असं समजून वेगळे केले. त्याचाच राग धरलाय का दी. ने?

२५ जाने.
सु. चा फोन, कुठल्याशा बंदरातून. "खाल्लं?" "नाही." "वजन?" "दिसायला उलट जाड झालाय." "पाणी बदलता ना?" "हो." मग त्याने ठेवला.

आमच्यात बोलायला एवढाच विषय उरला आहे. ही गेली त्याला दोन वर्षं होतील. तिच्या आजारात सु. बोटीवर होता. तिनेच शपथ घातली होती, पोराला कळवू नका, नोकरी सोडून येईल. तीन महिने तो फोन करी आणि मी म्हणे, "सगळं ठीक आहे." मग एक दिवस खरं सांगावं लागलं, तेव्हा सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तेव्हापासून मी काहीही सांगितलं की तो क्षणभर थांबतो. तपासून घेतल्यासारखा.

१५ फेब्रु.
दी. पोट वर करून पडला होता. हात लावला तर हलला, पुन्हा तसाच उताणा. दिव्याची ऊब पोटाला घेतो आहे की मरायला टेकला आहे?

आमच्या ऑफिसला लागून चौथी 'ब'चा वर्ग होता, मधे फक्त प्लायवूडची भिंत. दरवर्षी जूनमध्ये त्याच कविता नव्या आवाजांत सुरू व्हायच्या. मस्टरवर सह्या घेता घेता मला साऱ्या पाठ. त्यांत चिमणी होती, गाय होती, ससा होता. साप कुठेच नव्हता. कोणीतरी लिहायला हवं होतं, म्हणजे निदान काय वाटून घ्यायचं ते तरी कळलं असतं.

१४ मार्च, रवि.
सकाळी पेटीत पाहिलं. दीर्घच्या विळख्यात पांढरं काही. आधी वाटलं चेंडू गिळून ओकला. मग वाटलं, बटाटे. घरात बटाटे आहेत का ते स्वयंपाकघरात जाऊन बघून आलो. (हे कोणाला सांगायचं नाही.)

अंडी. पाच.

म्हणजे तो ती आहे. गेले दोन महिने मी तिला समजावत होतो, अरे पुरुषासारखा पुरुष तू, एवढं काय मनाला लावून घेतोस.

संध्याकाळी: सु. चा फोन आला. नशीबच. सांगितलं. तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "बाबा, तुम्ही आजोबा झालात की!" लाइन खरखरत होती. एवढंच कळलं, थर्मोकोलचा खोका, एकतीस-बत्तीस डिग्री, दमट ठेवा, दोन महिने. "बाकीचं मेलवर सविस्तर लिहितो, सायबर कॅफेत जाऊन प्रिंट काढा." "हो हो" म्हटलं. मला कुठलं जमतंय ते. "बाबा, नीट करा हं. मी जूनमध्ये येतोय."

नीट करायचं आहे.

१६ मार्च
गोखिवऱ्याहून बाय आली. माझी थोरली बहीण, वय ऐंशीला टेकलेलं, पण एस.टी.ने एकटी येते. येताना तूस आणलं, फोन केला होता म्हणून. दारातूनच, "कुठं हाय तुझी बाळंतीन?"

दी. ला टॉवेलात धरून उचललं, अंडी काढली. एकमेकांना चिकटलेली. बायने ओलं बोट फिरवून एकेक सोडवलं. जन्मभर कोंबड्या बसवल्या तिने, तिला काय शिकवायचं? खोक्यात तूस, वर ओलं फडकं, चाळीसचा दिवा. मग चुलीतला कोळसा मागायला लागली. गॅसवाल्या घरात कोळसा कुठला? शेवटी खालच्या इस्त्रीवाल्याकडून आणला. प्रत्येक अंड्यावर फुली काढली.

"सकाळ-संध्याकाळ उलटायचं. फुली वर, फुली खाली. न्हाय तर पिल्लू एका अंगाला चिकटतं. कोंबडी काय करते? चोचीनं फिरवतेच ना?"

"पण बाय, ही कोंबडी नाही."

"अंडं ते अंडं. तुला शाळेत ठेवून काय उपेग झाला, बाळ्या?"

दी. रिकाम्या पेटीत अजून तसाच विळखा घालून बसली आहे. मधे काही नाही. बायने पाहिलं आणि पेटीसमोर उकिडवी बसली. मग म्हणाली, "पानी ठेव तिला जवळ."

२४ मार्च
सकाळ-संध्याकाळ नेमाने. फुली वर, फुली खाली. शाळेची घंटा चुकली नाही तसं हेही चुकत नाही. बाय अजून इथेच आहे. दुपारी दोन तास वीज गेली, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. तसं खोलीच तापलेली.

फार वर्षांनी रोज वाट पाहण्यासारखं काही आहे.

दोन ओळी सुचल्या.
तुसात निजली पाच बाळे,
हळूच कूस बदलू या…
पुढे यमक जमेना.

२ एप्रिल, शुक्र.
सकाळी, अंडी फिरवायच्या आधीच, ऱ्हस्वचे उंदीर आणायला तुळिंजला, किशोरच्या दुकानात. मासे विकतो, आतल्या बाजूला उंदीर. सु. चा शाळेतला दोस्त. दोघं मिळून सापांची पुस्तकं वाचायचे. अभिमानाने सांगितलं, पाच अंडी, आज एकोणीस दिवस, रोज दोनदा फिरवतो.

किशोरच्या हातातली मासे पकडायची जाळी तशीच राहिली. "काय करता?"

"फिरवतो. कोंबडीसारखी."

"काका! अहो काय हे! कोंबडीचं वेगळं, ह्याचं वेगळं. ह्याच्यात पिल्लू आतून वरच्या साइडला चिकटून वाढतं. घातलं तसंच ठेवायचं असतं, पेन्सिलीने खूण करायची ती उलटं होऊ नये म्हणून. उलटं झालं की गुदमरतं."

मी विचारलं, "सगळी?"

"आता काय सांगू? सुध्या बोलला नाही तुम्हाला?"

मेलमध्ये असणार. उंदीर घ्यायचे विसरून घरी आलो.

३ एप्रिल
आता फिरवायचं नाही. पण कोणती बाजू वर ठेवायची? बायने फुली काढली तेव्हा वर होती ती बाजू खरी धरली, तरी घातली तेव्हा हीच वर होती का? सोडवताना हातात फिरली नसतील? बरं, १७ मार्च ते १ एप्रिल, सोळा दिवस, दिवसाला दोन, म्हणजे बत्तीस. सम. म्हणजे फुली वर हवी. पण दोन अंड्यांची फुली खाली आहे.

बायला विचारलं. आधी पदराला हात पुसत बसली. मग, "तू दुपारी झोपलास ना, तवा मी पन एकदोनदा फिरवली. मला वाटलं, तू इसरतोस."

कोणती, किती वेळा, तिला आठवत नाही. मी रागावलो नाही. कोणावर रागवायचं? ती कोपऱ्यात बसून म्हणाली, "माझ्या हातून एक अंडं कधी वाया गेलं न्हाय रे." संध्याकाळच्या गाडीने गेली. थांब म्हणायला हवं होतं.

जशी आहेत तशी ठेवली.

११ एप्रिल
सु. चा फोन. "अंडी?"
"ठीक आहेत."
"सगळी?"
"सगळं ठीक आहे."
तो थांबला. नेहमीसारखा. मग "बरं" म्हणाला. आवाजात आनंद होता, त्याने ते खरं धरलं.

रिसीव्हर ठेवला आणि मग कळलं मी कोणते शब्द वापरले.

१९ एप्रिल
किशोर स्वतः आला. दुकान बंद ठेवून. दारं-खिडक्या लावून अंड्याशेजारी बॅटरी धरली. न उचलता. दोन अंड्यांत लाल बारीक धागे दिसले. एकात काहीच नाही, नुसता पिवळा उजेड. दोन सांगता येत नाहीत.

"दोन तर आहेत, काका."

"म्हणजे जगतील?"

"आज आहेत."

जाताना म्हणाला, "सुध्याला सांगितलंत ना?" मी चहाचे कप उचलायला वळलो.

२६ एप्रिल
पिवळ्या उजेडाचं अंडं आत खचून बसलं, वर बुरशी. बाजूच्या एकालाही. दोन्ही काढली, कागदात गुंडाळून कुंडीत पुरली. कशामुळे मरण झालं, हे नक्की नाही. फिरवल्यामुळे? वीज गेल्यामुळे? मुळातच रिकामं होतं? नक्की असतं तर एकदा मान खाली घालून मोकळा झालो असतो.

दी. ने आज खाल्लं. साडेचार महिन्यांनी. झडप एवढी जोरात की मीच मागे सरलो. तिला आठवत असेल का काही? की फक्त भूक?

५ मे
तिसरं गेलं. राहिली दोन. एकाची फुली वर, एकाची खाली.

सु. ला पत्र लिहायला घेतलं. 'चि. सुधीर यास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की' – इथपर्यंत अक्षर फार सुंदर आलं आहे. पुढे कोरं. पत्र पोचेपर्यंत तो निघालेला असेल, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

८ मे, शनि.
सु. चा फोन. "आता कधीही फुटतील ना, बाबा?" मुलासारखा आवाज.

सांगितलं. पाठ केल्यासारखं, न थांबता. सोळा दिवस फिरवली. बायचं नाव घेतलं नाही. तीन गेली. मागच्या फोनवर खोटं बोललो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग, "आईच्या वेळी पण तुम्ही…"

वाक्य पुरं केलं नाही. फोन ठेवला.

मला वाटत होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं कोणत्या तरी धड्यात होतं. काही हलकं वाटलं नाही.

१० मे
फोन नाही. बायला गोखिवऱ्याला शेजारच्यांकडे फोन लावून बोलावून घेतलं. म्हटलं, दोन आहेत अजून. "फिरवत न्हाईस ना?" एवढंच विचारलं. उद्या येते म्हणाली.

११ मे, मंगळ.
सकाळी फुली खाली असलेल्या अंड्याला चीर. ब्लेडने कापल्यासारखी. चिरेतून पातळ चिकट पाणी, आणि आत हरभऱ्याएवढं नाक.

फुली खाली असलेल्या! म्हणजे खरी बाजू ती होती? की बाजूचा काही संबंधच नव्हता? की हे उलटं राहूनही… काही कळत नाही.

किशोरला फोन. "ओढू नका, मदत करू नका. चीर पाडून दीड-दीड दिवस आत बसतात. कधीकधी चीर पाडूनही बाहेर येत नाहीत. बघत बसा फक्त."

बाय दुपारी आली. हात मागे बांधून खोक्यासमोर बसली, आपोआप पुढे जातील म्हणून. "कोंबडीचं असतं तर कवाच टरफल सोलून दिलं असतं," म्हणाली. "बघत बसायचं लई कठीन हाय रे, बाळ्या."

१२ मे, बुध.
अजून आतच. नाक चिरेशी येतं, बुडबुडा येतो, परत जातं. दुसरं अंडं गप्प, पण बसलेलं नाही. बायने तीनदा विचारलं, जिवंत आहे का. तीनदा म्हटलं, माहीत नाही.

साडेचारला फोन. मी उचलला तर पलीकडे नुसता वारा, क्रेनची घरघर. मग सु.:

"बाबा, जे दिसतंय तेवढंच सांगा."

सांगितलं. चीर बोटाच्या पेराएवढी. नाक करडं. मघाशी दिसत होतं. बुडबुडे कमी झालेत.

"दुसरं?"

"दुसऱ्याचं मला काही कळत नाही."

"बरं." या वेळी थांबला नाही, लगेच म्हणाला. आणि फोन ठेवला नाही. मीही नाही. कार्डावर अजून बरीच मिनिटं आहेत, एवढं म्हणाला. वायर पुरेना म्हणून बायने खोकाच उचलायला हात घातला, मी ओरडलो, "हलवू नकोस!" पलीकडे सु. म्हणाला, "आत्या आलीय?" बाय लांबूनच, "आलेय रे सोन्या, पन कशाला हात नाय लावत आता."

मग फोन स्टुलावर आणला, वायर ताणून. मी खोक्यावर वाकलो.

"आता?" सु. ने विचारलं.

नाक आत गेलं होतं. चिरेवर पाणी तेवढं चमकत होतं. तसंच त्याला सांगितलं.