रेघेच्या आत

२ सप्टेंबर
येडगावात खोली मिळाली! घरमालकीण बायडाबाईंनी पहिल्याच दिवशी धरणातल्या चिलापी माशाचं झणझणीत कालवण पाठवलं. नारायणगावचा दवाखाना इथून वीस मिनिटांवर. मी तिथे नवी नर्स. वॉर्डाचा सगळा कारभार वृषाली नावाच्या नर्सकडे. माझ्याच वयाची, पण डॉक्टरसुद्धा तिचं ऐकतात. माझ्या पोटात दुखतं. रोजनिशीत लिहायला कसली लाज!

९ सप्टेंबर
चार दिवसांपूर्वी भागुजी नावाचे म्हातारे शेतकरी आले. पायाला नुसतं खरचटलेलं, पण हात लावला की ओरडायचे. वृषालीने लालीभोवती बॉलपेनने रेघ मारली. तासाभरात लाली रेघेबाहेर! कातडीखाली मांस सडत होतं. लगेच ऑपरेशन झालं, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, शुगर असली की हा आजार लवकर मारतो, आणि उशीर झाला तर कुणालाही. ड्रेसिंग रोज मी करते. आज भागुजी पाया पडले वृषालीच्या.

१६ सप्टेंबर
चिलापी साफ करताना डाव्या तळव्यात काटा घुसला. मलाही शुगर आहे. वॉर्डात सांगितलेलं नाही. कळलं तर वृषाली माझी काळजी घेत बसेल. ते नको.

१७ सप्टेंबर, सकाळ
हात भयंकर ठणकतोय, सूज मात्र एवढीशी. लालीभोवती रेघ मारली. बायडाबाई म्हणाल्या, "लई दुखतंय नव्हं? त्या वृषालीताईला दाव की." यांनाही तीच दिसते! दुखण्याची गोळी घेतली.

दुपार
वृषालीने हात पाहिला. रेघ कधीची, विचारलं. सकाळची, म्हटलं. लाली आतच होती, म्हणून तिने मान डोलावली. सकाळची रेघ मी स्पिरिटने पुसली होती. ही पाच मिनिटांपूर्वीची. एकदाची फसली बाई. फार बरं वाटलं.

संध्याकाळ
लाली मनगटाच्या वर. रेघ पुसली. तिसरी मारली. थंडी वाजतेय —

१८ सप्टेंबर, सकाळ
ठणका थांबला! मी एकटीने —

नाही. पेनचं टोक टोचलं. कळत नाही. कातडी जांभळी, काळे फोड. आतल्या नसा मेल्या की दुखायचं थांबतं. मला ठाऊक आहे.

वृषालीचा नंबर समोर आहे. ती धावत येईल. हात कापतील, मी जगेन, आणि जन्मभर लोक म्हणतील, आरतीला वृषालीने —

कोपराच्या वर गेलं.

लावते फोन. आधी ही रेघ पुसून नवी मारते, नाहीतर तिला कळेल की काल मी