जाणारं विमान आणि येणारं विमान

मुक्काम भीमपूर,
२९ मार्च

आदरणीय चंपतराव यांस,
दौलत मास्तराचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत आणि तुम्हीही भैंशाला ठीक असाल असं धरून चालतो, कारण हर्षालीच्या लग्नापासून, म्हणजे दहा महिने, तुम्ही माझा फोन उचललेला नाही. वहिनींचे गुडघे, हर्षालीच्या नवऱ्याची बदली वगैरे सगळं ताराबाईकडून कळतं. परवा तुम्ही बहिणीला फोनवर म्हणालात म्हणे, “त्यायले म्हणा, जे काय सांगायचं हाय ते लेखी द्या.” (बस डेपोत चौतीस वर्षं काढली की माणूस बहिणीच्या नवऱ्याकडूनही लेखी जबाबच मागणार. मी वाईट मानलेलं नाही.) म्हणून हे पत्र. विशेष असं काही नाही.

तर मी सध्या विमान चालवायला शिकतो आहे. खरं नव्हे, फोमचं, दोन हात पंखांचं, रिमोटवर उडणारं. नवशिक्यांना सोपं, असं खोक्यावर लिहिलं आहे. प्रितमनं हैदराबादहून पाठवलं. निवृत्तीनंतर बाबा घरात बसून आईला भांडी ओळीत लावायला शिकवतात, अशी त्याच्याकडे तक्रार गेली होती. डोमाजीच्या वावरातली कपाशीची पऱ्हाटी उपटून झाली आहे, तेव्हा मैदान मोकळं. शेजारचा नागनाथ (वय त्रेसष्ट, उद्योग नाही) विमान हातानं फेकतो, मी रिमोट धरतो आणि ताराबाई वावराच्या कडेला धुऱ्यावर शेंगा फोडत बसते. पहिल्या दिवशी विमान छान वर गेलं, थोडं उजवीकडे कललं, मी ते डावीकडे घ्यायला गेलो आणि ते आणखी उजवीकडे कलून लक्ष्मीबाईच्या कडब्याच्या गंजीत शिरलं. दुसऱ्या दिवशी तीच गंजी. तिसऱ्या दिवशीही तीच. चौथ्या दिवशी लक्ष्मीबाई गंजीला आधीच शिडी लावून बसली होती.

विचार केल्यावर दोष सापडला आणि तो विमानाचा नाही, नोकरीचा आहे. एकतीस वर्षं मी पोरांच्या समोर उभं राहून कवायत घेतली. मास्तरानं तोंडानं ‘उजवा’ म्हणायचं आणि हात डावा उचलायचा, म्हणजे समोरची पोरं बघून बघून बरोबर उजवा उचलतात. ते आता हाडात मुरलं आहे. तोंड उजवं म्हणालं की माझा हात रिमोटवर डावीकडेच जातो. पण विमान माझ्याकडे तोंड करून येत असलं, की त्याचं डावं-उजवं माझ्या उलट होतं आणि हाच उलटा हात बरोबर ठरतो. येणारं विमान माझ्याइतकं सरळ या तालुक्यात कोणी आणत नसेल (दुसरं कोणी उडवतही नाही). अडचण एवढीच की विमान येण्यासाठी आधी जावं लागतं.

त्यावरही मी उपाय काढला. नागनाथला दोनशे पावलं लांब उभं करून विमान माझ्याकडे फेकायला लावलं. अगदी शिस्तीत आलं, माझ्या डोक्यावरून गेलं आणि गेल्याबरोबर जाणारं झालं. ते समाजमंदिराच्या पत्र्यावर आदळलं. खाली जयंतीची मीटिंग चालू होती. सगळे बाहेर येऊन वर बघायला लागले. काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून मी सांगितलं की चौदा एप्रिलला झेंड्यावर विमानातून फुलं टाकायची आहेत, त्याचा सराव चालला आहे. सुधाकररावांनी (ते सचिव आहेत) जागच्या जागी ठराव लिहून घेतला. आता पाकळ्या कोणी तोडायच्या यावरून बायकांत दोन गट पडले आहेत आणि मावला गावचे पाहुणे खास विमान बघायला येणार आहेत. मला झोप लागत नाही. अख्ख्या गावासमोर, तेही त्या दिवशी, फजिती व्हायची भीती वाटते.

असो. तुमचा वेळ घेत नाही. वहिनींना जय भीम सांगावा.

आपला,
दौलत

ता. क. : जाणारं विमान सांभाळेल असा माणूस मला नात्यात एकच दिसतो. तुम्ही चौतीस वर्षं जिकडे जायचं तिकडेच तोंड करून बसलात. तुमचं तोंड उजवं म्हणालं की हात उजवीकडेच जाणार. शाळेच्या मैदानातून झेंड्यापर्यंत विमान तुम्ही न्यायचं, फुलं सोडायची, वळवलं की रिमोट माझ्या हातात द्यायचा. बारा तारखेला आलात तर दोन दिवस सराव होईल.

ता. क. २ : मूळ मुद्दा राहिलाच. हर्षालीच्या लग्नात मी पंगतीत बोललो होतो, “ड्रायव्हरले काय लागते? चाक धरायचं अन् समोर पाह्यचं.” तुमच्याच मांडवात, तुमच्या व्याह्यांदेखत. तुम्ही जिलबी वाढत होतात, ऐकलंत आणि वाढत पुढे गेलात. ते मला रोज आठवतं. मला किलोभराचं रिकामं विमान पन्नास पावलं सरळ नेता येत नाही. तुम्ही रोज साठ माणसं नेलीत आणि उतरवलीत. माझं चुकलं. हा लेखी जबाब समजावा.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालताना वावरातून आवाज आला म्हणून जाऊन पाहिलं, तर रिमोट ताराबाईच्या हातात होता. तिनं विमान धुऱ्यापर्यंत नेलं, वळवलं, परत आणलं आणि माझ्या चपलेशेजारी उतरवलं. कसं जमलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “मी विमानाकडे पाहून राह्यली होती. तुमी आपल्या हाताकडे पाहता.” तेव्हा चौदा तारखेला फुलं तीच टाकेल. विमानासाठी आता तुमची गरज उरलेली नाही.

तरी बारा तारखेलाच या.